मधुमेह्याचें पथ्य आणि गरिबाचें ताट

मधुमेह हा श्रीमंतांचा रोग, अशी समजूत आपल्या समाजांत पुष्कळ दिवस रूढ होती. तक्क्याला टेकून मिठाई खाणारा जहागीरदार, गादी न सोडणारा सावकार, फार तर दिवसभर खुर्चीवर बसून कागद काळे करणारा वकील किंवा मुन्सफ, यांच्याच वांट्याला हा रोग यावयाचा. कष्टकऱ्याच्या झोंपडीकडे तो फिरकावयाचा नाहीं, असें लोक मानीत. ही समजूत अगदींच निराधार होती असें नाहीं. १९०७ सालीं ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या अधिवेशनांत उष्ण प्रदेशांतील मधुमेहाविषयीं जी चर्चा झाली, तींत बंगालमधील सुशिक्षित व बैठ्या वर्गाकडेच बोट दाखविलें गेलें होतें. परंतु रोग एकदां श्रीमंताचा ठरला कीं त्याचें पथ्यहि श्रीमंती थाटाचें होतें. आणि मग तोच रोग बेताच्या मिळकतीच्या घरांत शिरला म्हणजे काय करावयाचें, हा प्रश्न उरतो. आजच्या भाषणांत मी या पथ्याचा इतिहास सांगणार आहें, व तो सांगतांना प्रत्येक ठिकाणीं एकच गोष्ट विचारणार आहें: या पथ्याला पैसे किती पडत, आणि ते कोणाला परवडत?

हा प्रश्न ज्यांनीं फार पूर्वीं ओळखला त्यांत आपल्या सुश्रुतसंहितेची गणना केली पाहिजे. त्या ग्रंथांत प्रमेहाचे दोन भेद सांगितले आहेत: एक सहज, म्हणजे जन्मतःच आलेला, दुसरा अपथ्यामुळें ओढवलेला. पहिला रोगी बहुधा कृश असतो, दुसरा बहुधा स्थूल. आजचे डॉक्टर मधुमेहाचे जे दोन मुख्य प्रकार मानतात ते याच्याशीं तंतोतंत जुळतात असें म्हणणें धाडसाचें होईल. पण स्थूलाला आटवावें आणि कृशाला पोसावें, हा विवेक त्या ग्रंथकाराजवळ होता. आणि युरोपांत या दोन प्रकारांची शास्त्रीय फोड हिम्सवर्थ या इंग्रज वैद्यानें केली ती १९३६ सालीं.

याहूनहि मौजेचा भाग पुढें आहे. सुश्रुतानें रोग्याच्या प्रकृतीबरोबर त्याची मिळकतहि पाहिली आहे. रोगी निर्धन व निराधार असेल तर त्यानें वहाणा व छत्री टाकून, भिक्षा मागत, एका गांवीं एकच रात्र राहत, मुनीसारखें मन आवरून शंभर योजनें किंवा त्याहून अधिक चालावें. योजन आठ मैलांचें धरलें तर ही पदयात्रा आठशें मैलांची होते! रोगी धनवान असेल तर त्यानें सांवा व देवभात यांसारखीं रानचीं धान्यें आणि आंवळा, कवठ अशीं फळें खाऊन हरणांच्या सोबतीनें राहावें. ब्राह्मणानें शेतांत गळलेले दाणे वेंचून निर्वाह करावा; इतरांनीं नांगर धरावा किंवा विहीर खणावी. कृश रोग्याला मात्र सदैव जपावें. निर्धनानें हें सारें आळस न करतां केलें तर वर्षभरांत तो रोगांतून सुटतो, अशी ग्वाहीहि दिली आहे. यांतील अनवाणी चालण्याचा उपदेश आजचा डॉक्टर मान्य करणार नाहीं, कारण मधुमेह्याच्या पायाची संवेदना बोथट होते आणि लहानशी जखमहि पाय घालविण्यास पुरेशी होते. परंतु या उपदेशाची दिशा पाहा. गरिबाला श्रीमंताचें अन्न खावयास सांगितलेलें नाहीं. उलट श्रीमंतालाच गरिबाच्या अन्नावर आणून बसविलें आहे. चरकानेंहि प्रमेह्याच्या आहारांत मानाचें पान दिलें आहे तें जवाला, आणि रोगाच्या कारणांत आधीं नांव घेतलें आहे तें सुखाच्या बैठकीचें व सुखाच्या झोंपेचें.

युरोपांतील वैद्यकानें बरोबर उलटी वाट धरली. १६७४ सालीं टॉमस विलिसनें मूत्राची गोडी नोंदली. १७७६ सालीं मॅथ्यू डॉब्सननें ती गोडी साखरेचीच होय हें दाखविलें. आणि १७९७ सालीं जॉन रोलो नांवाच्या लष्करी शस्त्रवैद्यानें तिच्यावर पथ्य बसविलें. मेरेडिथ नांवाच्या एका कॅप्टनवर त्यानें प्रयोग केला. सकाळीं चुन्याच्या निवळीसह दूध आणि लोणी-पाव, दुपारीं रक्त व चरबी यांचें पुडिंग, जेवणांत जुनें, खवट, चरबीचें मांस. अशा अन्नावर कोणाची जेवणाची इच्छाच उरत नसेल, आणि गुणाचें निम्में कारण तेंच असावें असें मला वाटतें. कसेंहि असो, तेव्हांपासून मधुमेह्यानें धान्य वर्ज्य करून मांसावर राहावें हा दंडक पडला. लष्करी कॅप्टनला तें साधलें. मजुराला रोजचें मांस कोठून मिळणार?

या दंडकाला पहिला मोठा धक्का कोणा प्रयोगशाळेंत बसला नाहीं. तो बसला वेढा पडलेल्या एका शहरांत. १९ सप्टेंबर १८७० रोजीं प्रशियन सैन्यानें पॅरिसला वेढा घातला आणि तो २८ जानेवारी १८७१ पर्यंत टिकला. प्रथम गोमांस संपलें, मग घोडे संपूं लागले. मांजरें आणि उंदीर बाजारांत विकले गेले. प्राणिसंग्रहालयांतील कॅस्टर व पोलक्स हे दोन हत्तीसुद्धां मारून खाल्ले गेले. जानेवारींत पावाचें माणशीं प्रमाण ३०० ग्रॅमवर आलें, आणि त्या पावांत गव्हापेक्षां तांदूळ, ओट व कोंडा हींच अधिक. त्या शहरांत अपोलिनेर बूशार्दा हा आरोग्यशास्त्राचा प्राध्यापक होता. मूळचा तो औषधशास्त्रज्ञ. मधुमेह्यांची चिकित्सा तो कित्येक वर्षें करीत होता, आणि धुऊन पिष्ट काढून टाकलेल्या गव्हाच्या चिकाचा पाव, ज्याला ग्लूटेनचा पाव म्हणतात, तो मधुमेह्यांसाठीं प्रचारांत आणणाराहि तोच. त्याला या उपासमारीच्या महिन्यांत एक विलक्षण गोष्ट आढळली: त्याच्या रोग्यांच्या मूत्रांतील साखर नाहींशी होत होती. चांगलें मांस नव्हतें, ग्लूटेनचा पाव नव्हता, होता तो कोंड्याचा काळा पाव, आणि तोहि मोजका. तरी साखर गेली.

१८७५ सालीं बूशार्दानें आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत जेवढें कमी खातां येईल तेवढें खावें आणि अंग मोडून श्रम करावेत, यावर त्याचा भर आहे. अमुक पदार्थ विष आणि तमुक अमृत, यापेक्षां एकूण अन्न किती, हा प्रश्न मोठा, हें त्या वेढ्यानें शिकविलें. पॅरिसच्या त्या हिंवाळ्याचें गुणगान करण्याचा माझा हेतु नाहीं. त्याच थंडींत आणि त्याच टंचाईंत तान्हीं मुलें व वृद्ध माणसें फार मोठ्या संख्येनें दगावलीं. वेढ्याचा फायदा झाला तो अंगावर मांस असलेल्यांस. ज्यांच्या अंगावर आधींच कांहीं नव्हतें त्यांस नव्हे. हा भेद विसरला कीं पुढचें सर्व चुकतें, आणि तो पुढें विसरला गेलाहि.

लोकांनीं बूशार्दाचें तत्त्व बाजूला ठेवलें आणि त्याचा पाव उचलला, हें मनुष्यस्वभावाला धरूनच झालें. कमी खा म्हणणाऱ्याला कोणी पैसे देत नाहीं. पण मधुमेह्यांचें खास पीठ डब्यांत भरून विकतां येतें. लंडनमध्यें पेव्ही नांवाच्या वैद्यानें बदामाचा पाव पुढें आणला. ग्लूटेनचीं पिठें व बिस्किटें यांच्या जाहिराती निघूं लागल्या. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंत हीं पिठें तपासलीं तेव्हां त्यांपैकीं कित्येकांत पिष्ट भरपूर निघालें. रोग्यानें चौपट दाम मोजून साधा पावच खाल्ला म्हणावयाचा. जर्मनींत फोन नोर्डेन यानें १९०२ च्या सुमारास ओटच्या पेजेचा उपचार सुचविला. ओट हें घोड्याचें खाणें, म्हणजे पथ्य स्वस्त झालें असें वाटावें. पण त्या पेजेंत ओटाइतकेंच लोणी घालावयाचें होतें!

बूशार्दाचें तत्त्व टोकाला नेलें अमेरिकेंतील फ्रेडरिक ॲलन यानें. १९१४ पासून न्यूयॉर्कच्या रॉकफेलर रुग्णालयांत तो रोग्यांना साखर जाईपर्यंत कडकडीत उपास घडवी, आणि मग अन्न थोडें थोडें वाढवी. भाज्यासुद्धां तीन वेळां उकळून, पाणी फेकून, सत्त्व काढलेल्या. पोक्त वयाच्या लठ्ठ रोग्यांस याचा उपयोग झाला. पण लहान मुलांचा मधुमेह निराळा. तेथें हा उपचार म्हणजे मृत्यूशीं केलेला महिन्यांचा सौदा होता. ॲलनच्या नोंदींत बारा वर्षांच्या एका आंधळ्या मुलाची हकीकत आहे. कडक पहारा असून त्याच्या मूत्रांत साखर येई. शोध केला तेव्हां कळलें कीं तो दांत घांसण्याची पेस्ट आणि पिंजऱ्यांतील पक्ष्याचे दाणे खात होता. या मुलाची कथा वाचल्यावर 'पथ्य मोडलें' हा शब्द रोग्याला दूषण म्हणून उच्चारण्यापूर्वीं मनुष्य क्षणभर थांबतो.

मग १९२१ सालीं टोरोंटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं मॅक्लाउडच्या प्रयोगशाळेंत इन्शुलिन शोधून काढलें, कॉलिपनें तें शुद्ध केलें, आणि ११ जानेवारी १९२२ रोजीं लिओनार्ड थॉम्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिली सुई दिली गेली. हा मुलगा गरीब घरचा असून रुग्णालयाच्या धर्मार्थ विभागांत होता. त्याच वर्षीं ऑगस्टांत अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्याची कन्या एलिझाबेथ ह्यूज टोरोंटोला आली तेव्हां ॲलनच्या पथ्यानें तिचें वजन अवघें ४५ पौंड राहिलें होतें. ती पुढें १९८१ पर्यंत जगली. शोधाचा पेटंट-हक्क शोधकांनीं विद्यापीठाला प्रत्येकीं एका डॉलरला दिला. औषध सर्वांस मिळावें हा त्यांतील उद्देश पुढें कितपत साधला, तो स्वतंत्र भाषणाचा विषय आहे.

इन्शुलिन आल्यावर पथ्याचें ओझें हलकें झालें, पण हिशेब वाढला. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयांतील रॉबर्ट लॉरेन्स हा स्वतः मधुमेही होता आणि १९२३ सालीं इन्शुलिननेंच वांचला होता. त्यानें दहा दहा ग्रॅम पिष्टाचे वांटे पाडून अशी कोष्टकें केलीं कीं रोग्यानें पावाऐवजीं बटाटा किंवा फळ घेतलें तरी हिशेब चुकूं नये. घरांत जें असेल तें खाऊन पथ्य पाळतां यावें, ही यांतली मोठी सोय. १९३४ सालीं त्यानें कादंबरीकार एच्. जी. वेल्स याच्या साह्यानें मधुमेह्यांची संस्था स्थापिली. आणि दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटनमध्यें शिधावांटप सुरू झालें तेव्हां मधुमेह्याला आपला साखरेचा वांटा सोडून त्याबद्दल मांस, लोणी वगैरे जादा घेण्याची सवलत मिळाली. नियंत्रित वांटपाच्या त्या वर्षांत तेथें मधुमेहानें होणारे मृत्यु घटले. पहिल्या महायुद्धाच्या शेवटींहि असेंच घडलें होतें, हें हिम्सवर्थनें दाखवून दिलें आहे. ब्रिटनमधील साखरेचें नियंत्रण सप्टेंबर १९५३ मध्यें उठलें. गर्भावस्थेंत आणि पहिल्या दोनेक वर्षांत ज्यांस ही टंचाईची साखर मिळाली, त्यांस उतारवयांत मधुमेहाचा धोका सुमारें ३५ टक्क्यांनीं कमी राहिला, असें २०२४ सालीं प्रसिद्ध झालेलें एक संशोधन सांगतें. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. त्या वेळीं ब्रिटनमध्यें साखर कमी होती, परंतु कोणी उपाशी नव्हतें. शिधा थोडा होता आणि तो सर्वांना पोंचत होता.

आपल्याकडे मुंबई शहरांत २ मे १९४३ पासून धान्याचें नियंत्रित वांटप सुरू झालें. भात खाणाऱ्या घरांतहि शिधापत्रिकेवर गहूं, ज्वारी, बाजरी येऊं लागली, आणि चाळींतील पुष्कळ गृहिणींना भाकरी थापण्याचा सराव पुन्हां करावा लागला. त्याच वर्षीं वांटपाची व्यवस्था नसलेल्या बंगालमध्यें तीसएक लाख माणसें अन्नावांचून मेलीं. टंचाई दोन्हींकडे होती. एकीकडे तिचा शिधा झाला, दुसरीकडे दुष्काळ.

स्वस्त आणि सकस अन्नाचा शास्त्रीय हिशेब मात्र आपल्या देशांत याआधींच मांडला गेला होता. कुन्नूरच्या प्रयोगशाळेंत आयक्रॉइड यांनीं भारतीय अन्नपदार्थांचें पृथक्करण करून १९३७ सालीं एक पुस्तिका काढली. हुलगे, मटकी, नाचणी, शेवग्याचा पाला यांना त्यांत मानाची जागा मिळाली. पुढें १९५४ मध्यें मद्रास येथें डॉ. विश्वनाथन यांनीं मधुमेह्यांसाठीं रुग्णालय काढलें आणि धान्य, कडधान्य व भाज्या यांवर आधारलेला, भरपूर चोथ्याचा आहार आपल्या रोग्यांना दिला. पाश्चात्त्य पुस्तकांतील मांस, अंडीं आणि लोणी आमच्या माणसाला परवडत नाहींत व रुचतहि नाहींत, मग त्याच्या ताटांतूनच पथ्य कां काढूं नये, असा हा सरळ विचार. मुंबईंत १९५५ सालीं डॉ. आजगांवकर यांच्या पुढाकारानें मधुमेह्यांची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. १९८१ सालीं टोरोंटोच्या जेन्किन्स यांनीं कोणत्या अन्नानें रक्तांतील साखर किती वेगानें चढते याचें मापन प्रसिद्ध केलें, तेव्हां डाळी आणि कडधान्यें, म्हणजे गरिबाचें कालवण, सर्वांत मंद ठरलीं.

टंचाईनें मधुमेह बरा होतो, असें यावरून कोणी म्हणूं लागेल. त्याला क्यूबाचें उदाहरण द्यावें. सोव्हिएत मदत तुटल्यावर १९९१ पासून त्या देशांत अन्न व इंधन यांची तीव्र टंचाई झाली. लोक पायीं व सायकलीवर फिरूं लागले. सरासरी वजन साडेपांच किलोंनीं उतरलें. आणि कांहीं वर्षांनीं मधुमेहाचे मृत्यूहि घटले. परंतु याच काळांत जीवनसत्त्वांच्या अभावीं सुमारें पन्नास हजार लोकांना डोळ्यांच्या व हातापायांच्या मज्जातंतूंचा विकार जडला. आणि सुबत्ता परत आली तसा मधुमेहहि परतला. २०१७ सालीं ब्रिटनमध्यें हेंच तत्त्व वैद्यांच्या देखरेखीखालीं तपासलें गेलें. रोग होऊन सहा वर्षें न लोटलेल्या, इन्शुलिन न घेणाऱ्या स्थूल रोग्यांना तीन ते पांच महिने रोज सुमारें साडेआठशें उष्णांकांचाच आहार दिला, तेव्हां वर्षअखेर ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधाशिवाय मागें हटलेला होता. बूशार्दाला हें ऐकून आनंद वाटला असता.

उलट बाजूचा पुरावा आपल्या पुण्याचा आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा व बालकांचा अभ्यास चालविला. त्या बाळांचें जन्मतःचें वजन सरासरी २.७ किलो, इंग्रज बाळांचें ३.५ किलो. पण आपलीं हीं कृश बाळें मांसानें कमी असलीं तरी चरबीनें तितकींशीं कमी नव्हतीं. पोटांत असतांना ज्याला पुरेसें मिळालें नाहीं त्याच्या वाट्याला पुढें मधुमेह अधिक येतो. आईची उपासमार मुलाला तारत नाहीं, मारते. श्रीमंतांचा रोग ही जुनी समजूत येथें कोसळते. १९७२ ते १९७५ च्या पाहणींत आपल्या शहरांतील प्रौढांत मधुमेहाचें प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास होतें. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें देशांत दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत, आणि सधन राज्यांच्या शहरांत तो आतां गरिबांतच अधिक आढळूं लागला आहे.

कारण उघड आहे. पोट भरण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे पांढरा तांदूळ, मैद्याचा पाव, साखरेचा चहा आणि तळण. शिधावांटप दुकानांत मुख्यतः गहूं व तांदूळ मिळतो. आणि जी नाचणी व ज्वारी पूर्वीं गरिबीची खूण मानली जाई, ती आतां सुबक पाकिटांतून चढ्या भावानें विकली जाते. सुश्रुतानें श्रीमंताला सांवा खावयास सांगितला होता. तो त्यानें आज खरोखरच ऐकला आहे, पण गरिबाच्या ताटांतून उचलून!

तेव्हां बेताच्या पैशांत पथ्य करणाऱ्यानें पाकिटाच्या मागें लागूं नये. शंभर ग्रॅम तांदूळ काय किंवा ज्वारी काय, उष्णांक साडेतीनशेंच्या आसपासच. नाचणीचें बारीक सत्त्व करून पातळ पेज प्याली तर साखर झपाट्यानें चढतेच. खरा फरक पडतो तो भात किंवा भाकरी मोजून घेऊन तिच्याबरोबर उसळ, पिठलें, पालेभाजी व ताक वाढल्यानें. शिधापत्रिकेवरच्याच तांदळाचा भात अर्धा करून उरलेल्या जागीं मटकीची उसळ आली तर खर्च फारसा वाढत नाहीं. मेथी, चवळई, मुळ्याचा पाला आठवडी बाजारांत संध्याकाळीं स्वस्त होतो हें गृहिणींना मीं सांगण्याची गरज नाहीं. एका गोष्टीचें मात्र मला नवल वाटतें. उपास म्हणून आपण जो साबुदाणा खातों तो कसाव्याच्या कंदाचें निव्वळ पिष्ट. मधुमेह्यानें एकादशीला वाटीभर खिचडी खाऊन उपास केला म्हणणें म्हणजे देवालाहि फसविणें आणि वैद्यालाहि. आणि रोग्याची भाजी निराळी, घराची निराळी, असा दुहेरी स्वयंपाकहि करूं नये. त्यानें खर्च वाढतो, आणि तो वाढला म्हणजे सर्वांच्या शेवटीं जेवणाऱ्या बाईचें ताट आधीं रिकामें होतें. ती स्वतःच मधुमेही असली तर विचारावयासच नको.

जे इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांच्या बाबतींत पैशाची टंचाई आणखी एका वाटेनें घात करते. औषधाचें प्रमाण ठरतें तें नेहमींच्या जेवणावर. औषध घेतलें आणि जेवण चुकलें तर रक्तांतील साखर धोक्याच्या खालीं जाते, घाम सुटतो, हात कांपतात, शुद्ध हरपते. कॅलिफोर्नियांतील रुग्णालयांच्या २००० ते २००८ या वर्षांच्या नोंदी तपासल्या तेव्हां असें दिसलें कीं गरीब वस्तींतील लोक या कारणानें दाखल होण्याचें प्रमाण महिन्याच्या पहिल्या आठवड्यापेक्षां शेवटच्या आठवड्यांत २७ टक्क्यांनीं वाढे. सधन वस्तींत तसा फरक नव्हता. पगार संपला, कोठी रिकामी झाली, पण सुई चालूच राहिली. अशा घरांतील रोग्यानें डॉक्टरकडे जातांना साखरेच्या आंकड्यांबरोबर हेंहि न लाजतां सांगावें, कीं महिनाअखेर आमच्याकडे एक वेळचेंच जेवण होतें. म्हणजे औषधाचें प्रमाण त्या दिवसांपुरतें बदलून देतां येतें.